लहान पिकअप गाड्या आजकाल कोणी घेतं का, की सगळ्यांना मोठ्याच पाहिजेत?

हो घेतात नं भाऊ, पण धंदेवालेच, घरच्या वापरासाठी जवळजवळ कोणीच नाही. माझं नागपूरच्या इतवारीत होलसेलचं काम आहे, रोज मालाची चढ-उतार डोळ्यासमोर होते म्हणून सांगतो. टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती २००५ ला आला, साधारण पाऊण टन माल उचलणारा, आणि त्यानं हे मार्केटच उभं केलं, कारण इतवारी-गांधीबागच्या गल्ल्यांत मोठा ट्रक शिरतच नाही आणि तीनचाकीत माल कमी बसतो. कळमन्याच्या मार्केटातून संत्र्याचे पंचवीस-तीस कॅरेट घ्यायचे, मागचा फाळका पाडून दुकानासमोरच खाली करायचे, यासाठी दुसरी सोयीची गाडीच नाही. पुढं अशोक लेलँडची दोस्त आली, मग मारुतीची सुपर कॅरी, आता सीएनजी आणि इलेक्ट्रिकपण मिळते, शहरातल्या शहरात फिरायला सीएनजी मस्त परवडते. वर कारचंच लायसन चालतं, साडेसात टनांपर्यंतच्या गाडीला वेगळा परवाना लागत नाही हे सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्येपण कायम ठेवलं, त्यामुळे ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही, मालक स्वतःच चालवतो.

फक्त एक, रोज टनाच्या वर माल असेल किंवा वर्धा-अमरावतीच्या फेऱ्या असतील तर लहान गाडीच्या नादी लागू नका, सरळ बोलेरो पिकअप बघा. ओव्हरलोड करून स्प्रिंगचे पाटे आणि क्लच लवकर जातात, वरून चालान वेगळं.