ऑपरेशन छान झालं, पण पेशंट उठेना

"रिपोर्ट सगळे चांगले आहेत, मग हे उठत का नाहीत?" मोठं ऑपरेशन होऊन घरी आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांकडून हा प्रश्न समुपदेशक म्हणून मी सतत ऐकते. पाठोपाठ एक शेराही येतो, "मनावरच घेत नाहीत हो!" हा शेरा मला मान्य नाही.

बायपास झालेले साठीतले एक गृहस्थ मुलीबरोबर आले. ऑपरेशनला महिना होऊन गेला होता. छातीशी उशी धरून बसलेले. मुलगी म्हणाली, "बाबा दिवसभर पडून असतात. पाण्याचा पेलासुद्धा आई हातात देते."

चालण्याचा विषय मी काढलाच नाही. विचारलं, "खोकला आला की काय करता?"

"दाबतो."

"का?"

बऱ्याच वेळाने म्हणाले, "टाके उसवून छाती उघडेल असं वाटतं."

मुलगी बघतच राहिली. घरात महिनाभर अशक्तपणावर उपाय चालले होते आणि अडलं होतं भीतीपाशी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950च्या दशकात मांडलेली विचारसरणी मी मानते: माणसाला नुसती घटना खचवत नाही, तिचा त्याने लावलेला अर्थ खचवतो. यांनी लावलेला अर्थ होता, 'दुखतंय म्हणजे आत काहीतरी तुटतंय.'

"घाबरू नका" म्हणून ही भीती जात नाही. तिला नेमकं उत्तर लागतं. मी त्यांना प्रश्न स्वतःच्या हाताने लिहून सर्जनना विचारायला सांगितलं. पुढच्या भेटीत स्वतःहून बोलू लागले, "ऑपरेशनसाठी कापलेलं छातीचं हाड स्टीलच्या तारांनी बांधलंय. जुळायला दोन-तीन महिने लागतील. जड उचलायचं नाही, पण चालायचं. आणि खोकायचं, उशी घट्ट दाबून."

म्हणजे ती उशी खोकताना आधार म्हणून दिली होती आणि हे ती ढालीसारखी वापरत होते! माझ्यासमोरच त्यांनी उशी आवळली, डोळे मिटले आणि खोकले. मग छाती चाचपली. "दुखलं. पण काही झालं नाही." आमचं निम्मं काम त्या खोकल्याने केलं, असं मी आजही मानते.

उरलेलं काम त्यांच्या पत्नीबरोबर होतं. "रात्री उठून यांचा श्वास बघते मी," त्या म्हणाल्या. पेला हातात देण्यामागे तीच धास्ती होती. त्यांना मी रोज ठरल्या वेळी नवऱ्याबरोबर चालायला सांगितलं. काळजीला काहीतरी काम हवं असतं.

घरच्यांना माझं सांगणं असं. पडून राहिल्याने स्नायू झिजतात, फुप्फुसांत कफ साचतो, पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी 1990च्या दशकात पेशंटला लवकर उठवण्यावर, लवकर खायला देण्यावर भर दिला, तो यासाठीच. वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती वेळेवर घ्यावी. सोसत बसलेला माणूस ना खोकतो, ना चालतो. उत्साह येण्याची वाट पाहू नये. आधी चार पावलं टाकावीत, उत्साह मागून येतो. किती चालायचं ते मात्र सर्जनना विचारूनच.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं. हृदयाच्या ऑपरेशननंतर नैराश्य पुष्कळांना येतं आणि त्यावर उपचार आहेत. पण ताप, जखमेतून पू, छातीच्या हाडात कटकट आवाज किंवा एकाच पायाला अचानक सूज असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. धाप लागली किंवा छातीत नव्याने दुखू लागलं, तर तडक हॉस्पिटल. माझ्याकडे त्यानंतर या.