मुदतवाढ मागितली, तर मी कामचुकार ठरेन का?

"मॅडम, मैत्रिणी रात्रभर जागून असाइनमेंट वेळेत देतात. मी मुदत वाढवून मागितली की सगळ्यांना वाटणार, हिला आयतंच मिळतं."

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातली ही मुलगी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). तिच्याकडे डिस्ग्राफियाचं, म्हणजे हाताने लिहिणं अवघड जाण्याच्या अक्षमतेचं, प्रमाणपत्र आहे. परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, ती ती बिनदिक्कत घेते. असाइनमेंटचं नाव काढलं की मात्र गप्प.

मी तिला समोर बसवून एक उतारा लिहायला दिला. अर्धं पान होईपर्यंत अंगठ्याचं नख पांढरं पडलं, अक्षरं ओळ सोडून वर चढू लागली. विषय तिला तोंडपाठ होता, वेळ जात होता तो हाताने उतरवण्यात. मग यात आयतं काय मिळालं?

खरी गोची वेगळीच निघाली. सरांनी मोठ्या मनाने सांगितलं होतं, "तुला जमेल तेव्हा दे." तारीखच नसल्यामुळे चार विषयांचं काम साचलं आणि परीक्षेच्या तोंडावर अंगावर आलं. अशी मोकळी सूट मला सवलत वाटत नाही.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार शासनमान्य महाविद्यालयाने विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यायची असते. परीक्षेच्या 20 मिनिटांसारखं ठरलेलं माप असाइनमेंटला लावता येत नाही, ते बोलूनच ठरवावं लागतं. आम्ही सरांना अर्ज दिला: टाइप करून देण्याची परवानगी, प्रत्येक असाइनमेंटला एक आठवडा जादा आणि मधे एकदा कच्चा मसुदा दाखवणं. सरांनी तिन्ही गोष्टी मान्य केल्या. टाइप करायला लागल्यावर बऱ्याचदा तिला तो आठवडा पूर्ण लागलाही नाही.

तिच्या वडिलांना वेगळी धास्ती होती, "दिव्यांगत्वाची टक्केवारी 40 च्या खाली आहे, हक्क लागू होतो का?" आरक्षणासाठी 40 टक्क्यांची अट आहेच. पण लेखनिकाच्या सोयीला ती अट लावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात स्पष्ट केलं. वाजवी सोय मागण्याचा हक्क त्या आकड्यावर अडत नाही.

अर्ज सत्राच्या पहिल्या आठवड्यातच द्या, प्रमाणपत्राची प्रत जोडा आणि पोच घ्या. शेवटच्या रात्री केलेला मेसेज शिक्षकांना सबब वाटतो आणि तेव्हा तारखा हलवणं त्यांच्याही हातात फारसं उरलेलं नसतं.