पहिला फ्लॅट घेताय? आधी ओसी (इमारत पूर्ण झाली, राहायला हरकत नाही असा पालिकेचा दाखला) बघा

अहो बिल्डर ६० लाख सांगतो पण काम चालू असेल तर वर ५ टक्के जीएसटी म्हणजे ३ लाख वेगळे, ओसी आलेल्या फ्लॅटला तो लागतच नाही, शिवाय भाडं आणि हप्ता एकदम भरायची कटकट वाचते, म्हणून रेडीच बघा. खरेदी एकट्या वहिनींच्या नावावर केलीत तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट मिळते, तुमचं नाव घुसवलं की गेली (एजंट हे सांगत नाहीत हां). लोन फ्लोटिंगच (बदलत्या व्याजदराचं) घ्या, बोनस आला की मुद्दलात भरा, दंड नाही, आणि ईएमआय नको, मुदत कमी करा असं लेखी द्या. मॉड्युलर किचनची घाई नको, वर्षभर ओटा आणि एक मांडणी पुरते.