पहिलं लिनक्स कोणतं घ्यावं?

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली यादी वाचली. उबुंटू, फेडोरा, डेबियन, आर्च, मिंट, म्हणजे लिनक्स या विंडोजसारख्या संगणक चालवणाऱ्या प्रणालीचे वेगवेगळे तयार संच (यांनाच डिस्ट्रो म्हणतात), आणि शेवटी प्रश्न की यातलं सगळ्यात चांगलं कोणतं. उत्तर आधीच देतो: लिनक्स मिंट घे. पण कारणंही समजून घे, म्हणजे उद्या कुणी दुसरं नाव सुचवलं तर तुलाच ताडून पाहता येईल.

या सगळ्यांचा गाभा एकच, लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली जाहीर केलेला लिनक्स कर्नेल, म्हणजे प्रणालीचा यंत्राशी बोलणारा मूळ भाग. नवख्या माणसाने बघायचं ते एवढंच की एकदा बसवलेली आवृत्ती किती वर्षं सांभाळली जाणार आहे. फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि जुनीचे अपडेट सुमारे तेरा महिन्यांत थांबतात. आर्चमध्ये नवं सॉफ्टवेअर सतत येत राहतं. अपडेट करण्याआधी सूचना वाचणं ही तुझी जबाबदारी. दोन्ही मला मनापासून आवडतात, पण सुरुवातीला नकोत. उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी, आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. मिंटची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे, तिचे अपडेट २०२९ पर्यंत आहेत. शिवाय खाली पट्टी, डावीकडे मेन्यू, त्यामुळे विंडोजची सवय असलेल्याला काही शोधत बसावं लागत नाही. लोकप्रियतेच्या क्रमवाऱ्या बघू नकोस. डिस्ट्रोंची माहिती देणाऱ्या डिस्ट्रोवॉच या साइटचा प्रसिद्ध क्रम तिथलं कोणतं पान किती वेळा उघडलं गेलं, एवढंच मोजतो.

रॅम चार जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, आठ असेल तर सिनॅमन ही मुख्य आवृत्ती. लॅपटॉपमध्ये अजून जुनी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी, म्हणजे तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान डिस्क, बसव. त्याने जो फरक पडेल तो कुठल्याही डिस्ट्रोने पडणार नाही.

आता खरं काम. इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न बसवता, चालवून बघ. पेनड्राइव्हवर उतरवायची मिंटची आयएसओ फाइल सुमारे तीन जीबीची आहे, आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, पण त्यावरचं सगळं पुसलं जाईल हे लक्षात ठेव. लाइव्हमध्ये निदान तासभर काम कर. वायफाय लागतं का, आवाज येतो का, ब्राइटनेस कमीजास्त होतो का, आणि झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप पुन्हा नीट जागा होतो का, हे बघ. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण तपासत नाहीत आणि नेमकी तीच पुढे रोज छळते. वायफाय दिसलं नाही तरी धीर सोडू नकोस. फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू कर, फोनचं इंटरनेट लॅपटॉपला मिळेल. मग मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर हवा तो ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर, शोधून देतो.

विंडोजही ठेवायचं असेल तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का ते आधी बघ आणि त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घे. फोटो आणि अभ्यासाच्या फाइल्स वेगळ्या डिस्कवर गेल्याशिवाय पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या वाटण्यांना, हात लावू नकोस. मिंटमधलं टाइमशिफ्ट, म्हणजे बिघाड झाल्यास सिस्टिम आधीच्या स्थितीत नेणारं साधन, वापर जरूर, पण ते सिस्टिम जपतं, तुझ्या स्वतःच्या फाइल्स नाही.

मराठीची काळजी नको. इनस्क्रिप्ट ही मराठी टंकनाची कळरचना विंडोजवर चालते तशीच इथे चालते; कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडला की झालं. मात्र घरात कुणाचं काम श्रीलिपीत (मराठी टंकन) किंवा टॅलीमध्ये (हिशेब) चालत असेल तर ती विंडोजची सॉफ्टवेअर आहेत. त्या घरात विंडोज पूर्ण काढून टाकायचा हट्ट धरू नकोस, दुसऱ्याचं काम अडवून लिनक्स शिकायचं नसतं.

एकदा बसवलंस की वर्षभर डिस्ट्रो बदलू नकोस. अडचण आली की दुसरी बसवून बघायचा मोह होतो, आणि मग मूळ बिघाड काय होता हे कधीच कळत नाही. अडलेला संदेश जसाच्या तसा शोध. जी सुडो आज्ञा, म्हणजे सिस्टिमवर पूर्ण अधिकार घेऊन चालणारी आज्ञा, तुला समजत नाही ती टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चिकटवू नकोस. तिचा एकेक शब्द काय करतो ते आधी वाच. वेळ जाईल, जाऊ दे.

लॅपटॉपचं मॉडेल, रॅम आणि डिस्क कोणती आहे ते कळव. ग्राफिक्स एनव्हिडियाचं असेल तर तेही लिही, त्याच्या ड्रायव्हरबद्दल पुढच्या पत्रात सविस्तर सांगतो.