वाचकांचे प्रश्न : लघवीतलं अल्ब्युमिन आणि फॅटी लिव्हर

प्रश्न : वय ५२, वजन ८० किलो. मधुमेह नाही, बीपीची गोळी चालू आहे. सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर (लिव्हरमध्ये साठलेली चरबी) निघालं. लिव्हरच्या रक्ततपासणीत एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २ लाख १० हजार. लघवीच्या साध्या तपासणीत प्रोटीन ‘नील’, पण अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो (लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रोटीन आणि क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ यांचं प्रमाण) ६४ आला. अल्ब्युमिन लिव्हरमध्ये तयार होतं म्हणतात. मग लिव्हर खराब झाल्यामुळे ते लघवीत उतरतंय का? त्या दिवशी नेहरू पार्कात पळून आलो आणि तसाच नमुना दिला.
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : अल्ब्युमिन लिव्हरच तयार करतं, हे खरं. पण लिव्हर फार बिघडलं तर रक्तातलं अल्ब्युमिन घटतं. लघवीत ते येतं मूत्रपिंडाची गाळणी सैल झाल्यामुळे. तरी दोन्हींचा संबंध आहे. पोटावरची चरबी, इन्सुलिनला न जुमानणारं शरीर आणि वाढलेलं बीपी या गोष्टी लिव्हर आणि मूत्रपिंड दोघांनाही त्रास देतात. म्हणून फॅटी लिव्हर असलेल्यांमध्ये मूत्रपिंडाचे विकार जास्त आढळतात. मात्र या रेशोवरून फॅटी लिव्हरचं निदान होत नाही आणि ते किती वाढलंय हेही कळत नाही.

रेशो ३० मि.ग्रॅ. प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू, त्यावर म्हणजे जास्त गळती. साध्या तपासणीतल्या पट्टीला थोडं अल्ब्युमिन दिसत नाही, त्यातून लघवी पातळ असली तर मुळीच नाही. ‘नील’वर विसंबू नका. रिपोर्टात नुसतं ‘मायक्रोअल्ब्युमिन’ मि.ग्रॅ. प्रति लिटरमध्ये दिलं असेल तर तो रेशो नव्हे. प्यायलेल्या पाण्याप्रमाणे तो आकडा हलतो.

तुमचा ६४ हा रेशो मात्र आम्ही अजून धरत नाही. जोरात पळाल्यावर गळती तात्पुरती वाढते. ताप, लघवीतलं इन्फेक्शन, स्त्रियांची पाळी यांनीही वाढते. पुन्हा करा, पण असं : आदल्या दिवशी पळणं बंद. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी, सुरुवातीची धार सोडून मधली, लॅबनं दिलेल्या कोरड्या डबीत. डबी तासाभरात पोचवा, नाही जमलं तर फ्रिजमध्ये ठेवा. ३ ते ६ महिन्यांत तीनपैकी दोन वेळा ३० च्या वर आला तरच गळती खरी. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं याचा अंदाज) हवाच.

लिव्हरचा अंदाज तुमच्याच आकड्यांतून निघतो. वय गुणिले एसजीओटी : ५२ × ४८ = २४९६. एसजीपीटीचं वर्गमूळ ८, त्याला प्लेटलेट (हजारांत) २१० नं गुणलं की १६८०. भागाकार सुमारे १.४९. याला फिब-४ म्हणतात. १.३ च्या खाली लिव्हर कडक झाल्याचा धोका कमी, २.६७ च्या वर जास्त. ६५ वर्षांपुढे १.३ ऐवजी २ धरतात. तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात, तेव्हा फायब्रोस्कॅन (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) करून घ्या. सोनोग्राफीतला ‘ग्रेड १’ चरबीचं प्रमाण सांगतो. लिव्हरला आलेला कडकपणा त्यात कळत नाही, आणि खरी काळजी त्याचीच असते.

बीपीची गोळी कोणती, तेही पाहा. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेल्या गोळ्या गळतीही कमी करतात, अम्लोडिपिन तितकी करत नाही. बदल डॉक्टरांनीच करायचा, कारण सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासावं लागतं. ८० किलोतले ६ ते ८ किलो उतरले तर लिव्हरची सूज ओसरू लागते. पण आठवड्याला अर्धा ते एक किलोच; उपाशी राहून भराभर उतरवलं तर लिव्हरलाच त्रास होतो. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवा. इंदुरात ते भाजीपेक्षा शेवेतूनच जास्त जातं, तेव्हा पोह्यांवरची मूठ आधी कमी करा.

प्रश्न : लघवीला फेस येतो, म्हणजे प्रोटीन जातंय का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : धार जोरात पडली किंवा भांड्यात साबण राहिला तरी फेस येतो, तो लगेच विरतो. रोज आणि दाट फेस येत असेल, बराच वेळ टिकत असेल तर वरच्याच पद्धतीनं रेशो करून घ्या. पायांवर किंवा सकाळी डोळ्यांखाली सूजही असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.