मागच्या चाकांवर चालणाऱ्या परफॉर्मन्स कारला कार्बन फायबरचा ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणारी लांब नळी) बसवून खरंच फरक पडतो का?

पडतो, पण ताकद वाढेल म्हणून बसवू नका. शाफ्टचा व्यास लहान असतो, त्यामुळे तो कितीही हलका केला तरी फिरवायला लागणारा जोर थोडाच वाचतो.

खरा फायदा क्रिटिकल स्पीडचा. लांब स्टीलचा शाफ्ट ठरावीक वेगाला (हाच क्रिटिकल स्पीड) दोरीसारखा झोल खाऊ लागतो, म्हणून कंपन्या तो दोन तुकड्यांत करून मध्ये बेअरिंग देतात. कार्बन वजनाच्या मानाने खूप ताठ असल्याने तेवढ्याच लांबीचा एकसंध शाफ्ट चालतो. मधलं बेअरिंग आणि एक सांधा कमी होतो. बीएमडब्ल्यूने २०१४च्या एम३ आणि एम४मध्ये हेच केलं होतं. शिवाय तुटलाच तर कार्बनची नळी बहुधा तंतू-तंतू होऊन विस्कटते. स्टीलसारखी खालून फ्लोअरवर आदळत नाही. ट्रॅकवर जाणाऱ्यासाठी मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

सायलेन्सरचा पाइप शाफ्टच्या अगदी जवळून जात असेल तर मध्ये हीट शील्ड हवीच, कारण उष्णतेने कार्बनचे तंतू चिकटवून धरणारं रेझिन मऊ पडतं. जॅक किंवा पाना लागून खोल ओरखडा गेला तर तो शाफ्ट वापरू नका. आणि गाडी रोजचीच असेल, तर आधी टायर आणि ब्रेक बघा.