सालिएरीची मान

प्रश्न : आम्ही पाच-सहा जण कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करतो. यंदा रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह यांचा ‘मोझार्ट आणि सालिएरी’ हा छोटा ऑपेरा करायचं ठरवलंय. गाणारे दोघे आणि पियानोवाला मिळालेत. पण बाहुलीचा चेहरा हलत नाही, मग मोझार्टच्या मत्सरानं जळणारा संगीतकार सालिएरी दाखवायचा कसा? हलत्या भुवया बसवाव्यात का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : भुवया बसवू नका, आणि चेहरा दुष्ट कोरायलाही सांगू नका. तीस वर्षं बाहुल्या नाचवतेय मी. कपाळावर एकदा आठी कोरली की ती बाहुली अख्खा खेळ रागावलेलीच राहते. सालिएरी आधी श्रोता आहे, मग खुनी.

रशियन कवी पुश्किननं १८३० मध्ये हे नाटुकलं लिहिलं. त्यावरचा ऑपेरा १८९८ मध्ये मॉस्कोत पहिल्यांदा झाला, तेव्हा सालिएरी गायला होता प्रसिद्ध रशियन गायक शाल्यापिन. दोनच प्रवेश, पाऊण तासाच्या आत संपणारे. पहिल्यात रस्त्यावरचा आंधळा फिडलवाला मोझार्टचीच चीज बेसूर वाजवतो. मोझार्ट हसत सुटतो, सालिएरी संतापतो. दुसऱ्यात सालिएरी मोझार्टच्या पेल्यात विष टाकतो. मोझार्ट ते पितो, आपलं रिक्विएम, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेचं संगीत, वाजवायला बसतो, आणि ते ऐकताना सालिएरी रडतो.

हे रडणं तुम्हाला मानेतून काढायचंय. मान दोन कड्या एकमेकींत अडकवून करा, म्हणजे ती मोकळी फिरते. रिक्विएम सुरू झालं की सालिएरीला अजिबात हलवू नका. हात टेबलावर, दोरे स्थिर. बाहुली अशी थांबली की प्रेक्षक तिच्याकडे जास्तच निरखून बघतात. मग कमरेचा दोरा ताठ धरून खांदे बोटभर उतरवा, धड पुढं झुकेल. त्यानंतर डोक्याचे दोरे, अगदी सावकाश. नाचवणाऱ्यानं गाणाऱ्याबरोबर श्वास घ्यायला शिकलं पाहिजे. तालीम तिथूनच सुरू करा. मोझार्टची बोटं पट्टीपट्टीवर नेण्याचा खटाटोप नको, ओळ सुरू होताना मनगट उचललं तरी पुरे.

डोक्यांसाठी शिवणीचं लाकूड घ्या, हलकं असतं आणि सहसा वाकत नाही. माझी डोकी तान्हा पोळ्याचे बैल कोरणाऱ्या एका कारागिराच्या हातची आहेत. लाकडाचा डौल त्यांना कळतो. दोरा काळा, बिनचमकीचा हवा. मासेमारीची नायलॉन दोरी दिव्यात चकाकते.

आणि खेळ हिवाळ्यात करा. एकदा मे महिन्यात एका सभागृहात आयोजकांनी कौतुकानं दोन मोठे कूलर लावले. घरघरीत गाणं बुडालंच, शिवाय वाऱ्यानं सगळे दोरे झुलायला लागले. उभी राहायची ती पात्रं तासभर डोलत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करा. ५ डिसेंबरला, १७९१ साली, मोझार्ट गेला.

शब्द मराठीत आणा. हे गाणं बरंचसं बोलण्याला चिकटून चालतं, आपल्या संगीत नाटकातल्या साकीसारखं, त्यामुळे रशियन कळलं नाही तर पाऊण तास कोरडा जाईल. रिक्विएमचे लॅटिन शब्द मात्र तसेच ठेवा.

एक गोष्ट माझ्यासाठी तरी कराच. पडदा उघडण्यापूर्वी कुणीतरी पुढं येऊन सांगा, की खऱ्या सालिएरीनं विष दिल्याचा काहीही पुरावा नाही. बेथोव्हन आणि शूबर्ट त्याच्याकडे शिकले. मोझार्टच्या धाकट्या मुलालाही त्यानं शिकवलं. १७८५ मध्ये मोझार्ट आणि सालिएरीनं मिळून केलेली एक छोटी रचना प्रागमध्ये सापडली, ती बातमी २०१६ मध्ये आली. दोनशे वर्षं एका शिक्षकाच्या नावाला हा डाग चिकटलाय, आणि आपणही त्याच गोष्टीचा खेळ करणार आहोत. एवढं सांगण्याचं देणं आपण लागतो.

शेवटी सालिएरी एकटा उरतो आणि स्वतःलाच विचारतो, प्रतिभा आणि दुष्कर्म एकत्र नांदतच नसतील, तर मग मी कोण? तिथं दोरे सैल सोडून त्याला कोसळवायचा मोह होईल. सोडू नका. पियानोचा शेवटचा स्वर विरेपर्यंत त्याला उभाच धरा, आणि मग दिवा मालवा.